मेटा-अ‍ॅनालिसिस आणि एसईएम एकत्र: आरमधलं मेटाएसईएम कोणी वापरलंय का?

गोवंडीकरीण (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं काम मेटा-अ‍ॅनालिसिसपर्यंत (छापून आलेल्या बऱ्याच अभ्यासांचे निकाल एकत्र करण्यापर्यंत) आलंय आणि इथल्या संख्याशास्त्रवाल्यांचा सल्ला हवाय. विषय रुग्णालयातल्या परिचारिकांचा. चार गोष्टी आहेत: कामाचा भार, वरिष्ठांचा आधार, बर्नआउट आणि नोकरी सोडण्याचा विचार. माझी मांडणी अशी की भाराने बर्नआउट वाढतो, आधाराने कमी होतो, आणि सोडण्याचा विचार येतो तो बर्नआउटमधून. भारापासून किंवा आधारापासून सोडण्याच्या विचाराकडे थेट बाण नाही. अशी बाणांची मांडणी माहितीवर तपासण्याच्या पद्धतीला एसईएम म्हणतात.

छापून आलेल्या अभ्यासांतली कोरिलेशन्स (दोन गोष्टींचं नातं किती घट्ट ते सांगणारे आकडे) एक्सेलमध्ये भरत आणली आहेत. चारही गोष्टी एकाच ठिकाणी मोजणारे अभ्यास अगदी थोडे. बहुतेकांनी दोन किंवा तीनच मोजल्यात, त्यामुळे तक्त्यात रिकामे चौकोन भरपूर.

गाईडचं म्हणणं असं, की सहा जोड्यांची सहा वेगळी मेटा-अ‍ॅनालिसिस कर, आलेले सहा सरासरी आकडे एका मेट्रिक्समध्ये, म्हणजे चौकोनी तक्त्यात मांड आणि ती एसईएमच्या सॉफ्टवेअरला, अ‍ॅमॉसला दे. विभागात याआधी असंच झालंय. पण अ‍ॅमॉस सॅम्पल साइझ मागतं. तिथे काय लिहायचं? एका जोडीमागे हजारो परिचारिका आहेत, दुसरीमागे काहीशेच.

वाचताना मेटाएसईएम या पॅकेजचं (आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या जोडणीचं) नाव सारखं दिसतंय. मला आर जेमतेम येतं. शिकण्यात वेळ घालावा, की जे चालत आलंय तेच करावं?

---

पार्लेकरीण

मी औषध कंपनीत बायोस्टॅटला आहे, आमचं रोजचं काम मेटाफॉर या आरमधल्याच दुसऱ्या पॅकेजवर चालतं. सहा जोड्या वेगवेगळ्या न करता एकत्र मल्टिव्हेरिएट पद्धतीने करायच्या असतील तर मेटाफॉरमध्येही होतात. एकाच अभ्यासातली कोरिलेशन्स एकमेकांशी बांधलेली असतात, त्यांचा व्हेरियन्स-कोव्हेरियन्स (कुठला आकडा किती हलतो आणि कुणासोबत हलतो) काढून देणारं आरकॅल्क नावाचं फंक्शन त्यात आहे. सरासरी मेट्रिक्सवरून साधं रिग्रेशन करायचं असेल तर मॅटरेगही आहे.

पण तुमचं काम बाणांचं आहे. अख्ख्या मॉडेलचा फिट (ते माहितीशी किती जुळतं) तपासायचा आणि बर्नआउटमधून जाणारा अप्रत्यक्ष परिणाम काढायचा, तर मेटाएसईएमच बरं. अ‍ॅमॉसचं उत्तर मी देत नाही, शास्त्रीबुवा येतीलच.

---

आकडेशास्त्री

आलो. हा प्रश्न मला फार जवळचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गाईडनी सांगितलेली पद्धत अगदी आडवाटेची नाही. १९९५ साली विश्वेश्वरन आणि ओन्स यांनी ती नीट मांडली, आणि व्यवस्थापन व औद्योगिक मानसशास्त्रात ती वर्षानुवर्षं चालली. तेव्हा हाताशी दुसरं फारसं नव्हतं. आज आहे, म्हणून आज ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अडचण तुम्ही बरोबर जागी पकडलीत. आकडे घालून बघा. समजा पाच जोड्यांमागे प्रत्येकी ६,००० परिचारिका आहेत आणि सहाव्या जोडीमागे फक्त ४००. साधी सरासरी काढली तर सॅम्पल साइझ येतो ५,०६७. हार्मोनिक मीन (लहान आकड्यांकडे झुकणारी सरासरी) काढला तर १,८००. सगळ्यात लहान घेतला तर ४००. तिन्हींचं समर्थन करणारे लोक भेटतात. ५,०६७ ऐवजी ४०० घेतले की स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) सुमारे साडेतीन पट होते. म्हणजे एखादा बाण सिग्निफिकंट (निव्वळ योगायोगाचा नाही असा) आहे की नाही, हे परिचारिकांच्या माहितीवर न ठरता तुम्ही त्या चौकोनात काय टाइप केलंत यावर ठरणार. प्रबंधाच्या मुख्य निष्कर्षाचा पाया असा असू नये.

दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. अ‍ॅमॉसला कोरिलेशन मेट्रिक्स देऊन ती कोव्हेरियन्स असल्यासारखी वापरली, तर मॉडेलनुसार काय-स्क्वेअर (मॉडेल आणि माहिती यांतला फरक मोजणारा आकडा) आणि स्टँडर्ड एरर चुकू शकतात. १९८९ साली क्यूडेक यांनी हे दाखवून दिलं आहे. मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये तर आपल्याकडे कोरिलेशनच असतात, मूळ व्हेरियन्स एकत्र करण्यासारखे नसतात, कारण प्रत्येकाची प्रश्नावली वेगळी.

तिसरी गोष्ट म्हणजे सहा आकडे सहा वेगळ्या अभ्याससमूहांतून आलेत. सहा घरांतून एकेक माणूस बोलावून त्यांचा एकत्र फोटो काढावा आणि खाली ‘आमचं कुटुंब’ लिहावं, तसं ते होतं. अशी मेट्रिक्स कधीकधी गणितातही बसत नाही.

२००५ साली माइक च्युंग आणि वाय चॅन यांनी दोन टप्प्यांची पद्धत मांडली, तिलाच टीएसएसईएम म्हणतात. पहिल्या टप्प्यात सगळ्या अभ्यासांच्या मेट्रिक्स एकत्र घेऊन सहाही सरासरी कोरिलेशन्स एकाच वेळी काढायची. त्यासोबत त्या सहा आकड्यांचा आपसातला व्हेरियन्स-कोव्हेरियन्सही मिळतो, सहा बाय सहाचा. कुठला आकडा किती भरवशाचा आहे, आणि एक हलला की दुसरा किती हलतो, हे सगळं त्यात असतं. दुसऱ्या टप्प्यात मॉडेल बसवताना हाच तक्ता वजन म्हणून लागतो. ६,००० वाला आकडा आपोआप जास्त जोर लावतो, ४०० वाला कमी. ‘सॅम्पल साइझ काय लिहू’ हा प्रश्नच उरत नाही. एकूण संख्या फिटच्या निर्देशांकांसाठी लागते, ती पॅकेज स्वतःच पुढे नेतं.

सुरुवातीला पहिला टप्पा फिक्स्ड इफेक्टवाला होता, म्हणजे सगळ्या अभ्यासांमागे खरी मेट्रिक्स एकच असं गृहीत धरलेलं. २०१४ मध्ये च्युंग यांनी रँडम इफेक्टची, म्हणजे खरी नाती ठिकाणानुसार वेगळी असू शकतात असं धरणारी रीत सविस्तर लिहिली. परिचारिकांच्या विषयात रँडमच घ्या. केरळ, इंग्लंड आणि चीन इथल्या वॉर्डांत भार-बर्नआउटचं नातं तंतोतंत एकच असेल, असं कुणी छातीठोकपणे सांगेल का?

जाता जाता एक. कोरिलेशन्सची सरासरी काढण्याचा उद्योग फार जुना आहे. १९०४ साली कार्ल पिअर्सन यांनी टायफॉइडच्या लशीची परिणामकारकता तपासायला दक्षिण आफ्रिका आणि भारतातल्या ब्रिटिश सैनिकांचे आकडे घेऊन हेच केलं होतं. ‘मेटा-अ‍ॅनालिसिस’ हे नाव जीन ग्लास यांनी १९७६ मध्ये दिलं. बाणांची पद्धत सिवॉल राइट यांची, १९२०च्या आसपासची. या दोन धारा एकत्र यायला इतकी दशकं लागली याचं मला अजून नवल वाटतं.

---

गोवंडीकरीण

शास्त्रीबुवा, शतशः आभार. हार्मोनिक मीनचं उदाहरण गाईडना जसंच्या तसं दाखवणार आहे.

आता पुढचं. आर उघडल्यावर नेमकं काय काय करायचं? आणि रिकाम्या चौकोनांचं काय, ते अभ्यास काढून टाकायचे का?

---

आकडेशास्त्री

मुळीच काढू नका. रँडम इफेक्टच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक अभ्यास त्याच्याकडे जेवढं आहे तेवढं देतो. रिकामी जागा एनए ठेवायची, शून्य चुकूनही लिहायचं नाही. शून्य म्हणजे ‘नातं नाही’ असा ठाम दावा होतो.

पायऱ्या सांगतो. आर आणि आरस्टुडिओ टाका, दोन्ही फुकट. मेटाएसईएम इन्स्टॉल केलंत की त्याच्या पोटातलं ओपनएमएक्स सोबत येतं, सगळी खरी आकडेमोड तेच करतं. मग प्रत्येक अभ्यासाची चार बाय चारची मेट्रिक्स करून त्यांची यादी बनवायची, आणि सॅम्पल साइझची वेगळी रांग. चारही व्हेरिएबलचा क्रम सगळीकडे एकच हवा.

विश्लेषणाआधी दोन छोटी फंक्शन्स चालवा. पॅटर्न-एनए सांगतं कुठल्या जोडीमागे किती अभ्यास आहेत. एखाद्या जोडीमागे दोन-तीनच असतील तर तिच्याबद्दल मोठी विधानं नकोत. आणि इज-पीडी सांगतं कुठली मेट्रिक्स पॉझिटिव्ह डेफिनिट नाही, म्हणजे गणितात बसत नाही.

नंतर टीएसएसईएम१, मेथड रँडम, आणि रँडम इफेक्टचा प्रकार डायगोनल, म्हणजे प्रत्येक कोरिलेशनचा फक्त स्वतःचा व्हेरियन्स. पूर्ण तक्ता मागितलात तर सहा कोरिलेशन्ससाठी २१ व्हेरियन्स-कोव्हेरियन्स काढावे लागतात, डायगोनलमध्ये फक्त सहा. अभ्यास कमी असताना २१ आकडे निघत नाहीत, सॉफ्टवेअर अडखळतं.

दुसऱ्या टप्प्यासाठी मॉडेल लावान या आरमधल्या एसईएम पॅकेजच्या सोप्या भाषेत लिहायचं, ‘बर्नआउट अवलंबून भार अधिक आधार’ अशा धाटणीचं. लावान-टू-रॅम हे फंक्शन त्याच्या मेट्रिक्स करून देतं: एकीत एकेरी बाण, दुसरीत दुहेरी बाण, तिसरी कुठले व्हेरिएबल प्रत्यक्ष मोजलेत ते सांगते. मग टीएसएसईएम२. अप्रत्यक्ष परिणाम मागताना कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्यात असावा तो पट्टा) लाइकलीहुडवर आधारलेले घ्या. दोन गुणकांच्या गुणाकाराचं वितरण सिमेट्रिक नसतं, त्यामुळे अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सारखंच अंतर टाकणारे नेहमीचे इंटरव्हल तिथे नीट बसत नाहीत.

आर अगदीच नवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे आरवरचे धडे आधी करा. त्या प्रकल्पातले बरेच धडे मराठीतही ऐकायला मिळतात.

---

घाटकोपर_फास्ट

वाचनखूण साठवली. मी एम.ए.चा विद्यार्थी, माझ्याकडे दहा कोरिलेशन्स आहेत. पहिला टप्पा चालवला की शेवटी ओपनएमएक्स स्टेटस ५ असं येतं, आणि काही स्टँडर्ड एररच्या जागी आकडाच नाही. सर म्हणाले दुर्लक्ष कर, बाकी आकडे आलेत ना. करू का?

---

आकडेशास्त्री

नका करू. तिथे ० किंवा १ असेल तरच पुढे जायचं. दुसरं काहीही असेल तर सॉफ्टवेअर सांगतंय की उत्तरापर्यंत पोचलो याची खात्री नाही. त्या आकड्यांवर टेबल बनवणं म्हणजे न पोचलेल्या जागेचा पत्ता देणं.

आधी रीरन लावा, ते वेगळ्या सुरुवातीपासून पुन्हा शोधतं. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर रँडम इफेक्ट डायगोनल आहे का बघा. दहा कोरिलेशन्सना पूर्ण तक्ता म्हणजे ५५ आकडे. तरीही नाही, तर माझा अनुभव असा की दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतो, भरलेल्या माहितीत असतो. इज-पीडी चालवलंत का?

---

घाटकोपर_फास्ट

चालवलं. एक अभ्यास फॉल्स दाखवतोय. पण मी पेपरातला तक्ता पुन्हा ताडून पाहिला, जसाच्या तसा उतरवलाय. भार-बर्नआउट ०.७०, बर्नआउट-सोडण्याचा विचार ०.७०, भार-सोडण्याचा विचार वजा ०.२०. (विषय धागाकर्तीसारखाच आहे, योगायोग!)

---

आकडेशास्त्री

वा, शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. कागद-पेन घ्या.

तीन व्हेरिएबल आहेत. पहिल्याचं मधल्याशी नातं ०.७०, मधल्याचं तिसऱ्याशी ०.७०. मग पहिल्या-तिसऱ्याचं नातं वाटेल ते असू शकत नाही. दोन्हींचा गुणाकार ०.४९. दोन्हींच्या उरलेल्या भागांचा गुणाकार, म्हणजे एक वजा ०.४९, ०.५१. तर तिसरं कोरिलेशन ०.४९ वजा ०.५१ पासून ०.४९ अधिक ०.५१ पर्यंतच जाऊ शकतं: वजा ०.०२ ते १. वजा ०.२० अशक्य. डिटरमिनंट काढलात तर वजा ०.२१६ येईल, आणि खऱ्या माहितीच्या कोरिलेशन मेट्रिक्सचा डिटरमिनंट ऋण असूच शकत नाही.

तेव्हा उतरवणारा बरोबर, छापलेला तक्ता चुकीचा. बहुधा ते ०.२० असावं आणि चिन्ह उलटं पडलं असावं. पण ‘बहुधा’वर विसंबून आपण चिन्ह बदलायचं नाही. लेखकांना ईमेल करा. उत्तर आलं नाही तर ते एक कोरिलेशन एनए करा आणि प्रबंधात तसं लिहा.

---

पार्लेकरीण

चिन्हावरून आठवलं. बर्नआउट कशाने मोजलाय ते दोघांनीही बघा. मास्लाकच्या प्रश्नावलीत तीन भाग आहेत: भावनिक थकवा, रुग्णांकडे वस्तूसारखं बघणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावना. तिसरा भाग उलटा चालतो, तिथे गुण जास्त म्हणजे बर्नआउट कमी. काही पेपर तो उलटवून देतात, काही तसाच ठेवतात, आणि तक्त्याखाली टीपही नसते. तिन्ही भागांची सरासरी काढून एक आकडा करण्यापेक्षा मी फक्त थकवा घेतला असता.

आणि कोरिलेशन न देता फक्त रिग्रेशनचा बीटा (बाकीच्या गोष्टी धरून काढलेला गुणक) देणारे पेपर असतील, तर बीटा कोरिलेशनच्या जागी लिहू नका. बीटावरून कोरिलेशन काढण्याचं एक सूत्र २००५ साली आलं होतं, त्यावर नंतर बरीच टीका झाली. मॉडेलमध्ये आणखी कोण कोण होतं यावर बीटा बदलतो, कोरिलेशन बदलत नाही.

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स, मुंबईतच. संख्याशास्त्र मला येत नाही, पण आमच्याबद्दलच चाललंय म्हणून लिहिते.

‘नोकरी सोडण्याचा विचार’ तुम्ही सगळीकडे एकाच मापाने मोजताय ते मला पटत नाही. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात कायम असलेली सिस्टर कितीही थकली तरी नोकरी सोडत नाही. पेन्शन आहे, क्वार्टर आहे, मुलांच्या शाळा जवळ आहेत. ती वॉर्ड बदलून मागते, नाहीतर रजा टाकते. कंत्राटी सिस्टरचं वेगळं, तिला अकरा महिन्यांनी पुढची ऑर्डर निघते की नाही याचीच धास्ती, तिने सोडण्याचा विचार करायचा की काढून टाकण्याचा? खासगीतली मुलगी आल्यापासून परदेशाची परीक्षा देत असते. ती थकली म्हणून जात नाही, जायचंच होतं म्हणून जाते.

मग तुमचा तो बर्नआउटकडून सोडण्याकडे जाणारा बाण तिघींना सारखाच लागू कसा?

आणि दुसरं. जिने मनात सोडायचं ठरवलं, तिला त्याच दिवसापासून काम जड वाटायला लागतं, इन्चार्ज सिस्टर वाईट दिसायला लागते. हे मी ड्युटीवर रोज बघते. तुमचा बाण उलटा पण असू शकतो ना?

---

आकडेशास्त्री

ताई, संख्याशास्त्र येत नाही म्हणालात, पण या धाग्यातले सगळ्यात महत्त्वाचे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. दोन्हींना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला प्रश्न, बाण सगळ्यांना सारखा कसा. नाहीच. पहिल्या टप्प्यात सरासरीसोबत प्रत्येक कोरिलेशनचा टाऊ-स्क्वेअरही (ते ठिकाणानुसार किती पसरलंय त्याचा आकडा; त्याचं वर्गमूळ टाऊ) छापून येतो, तो लोक वाचतच नाहीत. समजा बर्नआउट आणि सोडण्याचा विचार यांचं सरासरी कोरिलेशन ०.४५ आलं आणि टाऊ ०.२०. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची खरी कोरिलेशन्स साधारण ०.०६ पासून ०.८४ पर्यंत पसरलेली. एका टोकाला नातं जवळजवळ नाही, दुसऱ्या टोकाला दोन्ही गोष्टी एकच वाटाव्यात इतकं घट्ट. तिथे ‘सरासरी ०.४५’ हे वाक्य ताईंच्या वॉर्डाबद्दल काहीच सांगत नाही. आय-स्क्वेअर (अभ्यासांमधल्या फरकातला खऱ्या फरकाचा वाटा) ९० टक्के आलं की लोक ‘हेटरोजिनिटी जास्त’ असं एक वाक्य लिहून पुढे जातात. तिथेच तर थांबायला हवं!

थांबून काय करायचं? अभ्यास सरकारी-खासगी असे दोन गटांत विभागून टीएसएसईएम दोनदा चालवता येतं. पण प्रत्येक गटात अभ्यास कमी होतात, आणि ‘नमुन्यातल्या किती टक्के परिचारिका कंत्राटी’ असा सलग आकडा असेल तर गट पाडायला कुठेतरी रेघ मारावी लागते. २०२० साली सुझान याक आणि च्युंग यांनी एका टप्प्याची पद्धत आणली, ओस्मासेम. त्यात मॉडेल आणि मॉडरेटर (नातं कमी-जास्त करणारा घटक) एकदमच बसतात. ‘कंत्राटी परिचारिकांचं प्रमाण वाढलं की बर्नआउटकडून सोडण्याकडे जाणारा बाण कमजोर होतो का’ हा प्रश्न थेट त्या बाणावर विचारता येतो. मेटाएसईएममध्येच ते फंक्शन आहे. 

गोवंडीकरीण, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे: एक्सेलमध्ये आणखी एक रकाना वाढवा आणि प्रत्येक अभ्यासातली नोकरी कायम की कंत्राटी, सरकारी की खासगी हे नोंदवा. सगळे पेपर पुन्हा उघडावे लागतील. उघडा.

दुसरा प्रश्न, बाण उलटा असू शकतो का. असू शकतो, आणि आपल्या पद्धतीला ते ओळखता येत नाही. हे प्रबंधात स्पष्ट लिहायला हवं. धागाकर्तीच्या मॉडेलमध्ये सहा कोरिलेशन्स, काढायचे आकडे चार (तीन बाण आणि भार-आधाराचं आपसातलं नातं), म्हणून डिग्रीज ऑफ फ्रीडम (सहातून चार गेले की उरतात ते) दोन. आता सगळे बाण फिरवा: सोडण्याचा विचार आधी, त्यातून बर्नआउट, आणि बर्नआउटमधून भार जास्त वाटणं व आधार कमी वाटणं. भार आणि आधार यांच्या उरलेल्या भागांत नातं ठेवा. तरी आकडे चारच, डिग्रीज ऑफ फ्रीडम दोनच, आणि काय-स्क्वेअर दशांशापर्यंत तोच. दोन्ही मॉडेल माहितीत एकच गोष्ट तपासतात: बर्नआउट धरून ठेवला की बाकी दोघांचं सोडण्याच्या विचाराशी नातं उरतं का. ताई ड्युटीवर बघतात ते, किंवा गोवंडीकरीण म्हणतात ते, दोन्ही यात बसतं. निवाडा करायचा तर त्याच परिचारिकांना काही महिन्यांनी पुन्हा विचारलेले अभ्यास लागतील.

---

रात्रपाळी

कळलं. सगळं नाही, पण बाण फिरवल्यावर पण तोच आकडा येतो हे कळलं. एवढं प्रामाणिकपणे लिहिलंत तर आमच्याकडचं कोणीतरी वाचेल तरी.

---

ग्रंथपाल

धागा फार चांगला चाललाय. माझ्या विषयातलं थोडं.

भारतीय अभ्यास शोधताना फक्त परदेशी डेटाबेसवर थांबू नका. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर देशभरातले पीएचडी प्रबंध खुले आहेत. यूजीसीच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं आलं, त्यानंतर तिथली भर खूप वाढली. नर्सिंग, मानसशास्त्र, व्यवस्थापन, समाजकार्य अशा चारही विभागांत शोधा, कारण परिचारिकांवरचं काम कुठेही सापडतं. पेपरात जागा नसते म्हणून गाळलेली कोरिलेशन मेट्रिक्स प्रबंधात बऱ्याचदा पूर्ण छापलेली असते, निकालाच्या प्रकरणात नाहीतर परिशिष्टात. फायली प्रकरणवार असतात, म्हणून शेवटच्या फायलीही उघडत जा.

सिग्निफिकंट न आलेलं काम पेपरात कमी छापलं जातं, प्रबंधात मात्र ते राहतं. त्या अर्थानेही हे महत्त्वाचं. आणि पाच-सहा वर्षं खपून कुणीतरी आपल्याच राज्यातल्या परिचारिकांची माहिती गोळा केलेली असते, ती तशीच पडून राहते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

गोवंडीकरीण

ताई, तुमच्यामुळे माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण वाढणार आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. नोकरीच्या प्रकाराचा रकाना सुरू केला. बरेच पेपर ते सांगतच नाहीत, पण शोधगंगेवरचे प्रबंध सांगतात! ग्रंथपाल, त्यासाठी खास आभार.

पहिला टप्पा चालला, स्टेटस ० आलं. गाईडनाही दाखवलं. हार्मोनिक मीनचं उदाहरण पाहून त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, कर तुझ्या पद्धतीने, मलाही शिकव.

दोन शंका उरल्यात. दुसऱ्या टप्प्यात काय-स्क्वेअर सिग्निफिकंट येतोय पण आरएमएसईए (फिटचा एक निर्देशांक, लहान तितका चांगला) छान आहे. मॉडेल बसलं म्हणायचं का? आणि प्रश्नावलीच्या अल्फानुसार (ती किती भरवशाने मोजते त्या आकड्यानुसार) कोरिलेशन्स आधी दुरुस्त करून घ्यायची का? एका ज्येष्ठांनी तसं सुचवलंय.

---

आकडेशास्त्री

गाईडना माझा नमस्कार सांगा.

आरएमएसईएच्या सूत्रात भाजक म्हणून एकूण संख्या येते, आणि मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये ती प्रचंड असते. काय-स्क्वेअर २०, डिग्रीज ऑफ फ्रीडम २, एकूण परिचारिका ५,००० धरा. काय-स्क्वेअर सपशेल सिग्निफिकंट, आणि आरएमएसईए ०.०४२, म्हणजे पुस्तकी नियमाने उत्तम. म्हणून फक्त त्यावर जाऊ नका. मॉडेलने सांगितलेली सहा कोरिलेशन्स आणि पहिल्या टप्प्यातली सहा कोरिलेशन्स शेजारी शेजारी मांडा आणि फरक डोळ्यांनी बघा. तुमच्या मॉडेलमध्ये फरक बहुतेक दोनच ठिकाणी दिसेल: भार-सोडणं आणि आधार-सोडणं, कारण थेट बाण तिथेच नाहीत. आधार-सोडणं या जागी फरक मोठा असेल, तर वरिष्ठांच्या आधाराचा बर्नआउटला वळसा घालून जाणारा रस्ता आहे असं समजा. तो बाण घातलेलं मॉडेलही चालवा आणि दोन्ही छापा.

अल्फाच्या दुरुस्तीवर दोन पंथ आहेत. हंटर आणि श्मिट यांच्या परंपरेत ती करतातच. ०.३० चं कोरिलेशन, अल्फा ०.८० आणि ०.७० असतील तर दुरुस्तीनंतर ०.४० होतं. बदल लहान नाही. मी मुख्य विश्लेषण दुरुस्तीशिवाय करतो. बऱ्याच पेपरांत त्या नमुन्यातला अल्फा नसतो, मूळ प्रश्नावलीच्या माहितीपत्रकातला उचललेला असतो, आणि दुसऱ्याच लोकांच्या अल्फाने यांचं कोरिलेशन फुगवणं मला बरोबर वाटत नाही. दुरुस्त करून आलेले निकाल परिशिष्टात द्या, निष्कर्ष बदलत असेल तर मुख्य मजकुरात सांगा.

---

पार्लेकरीण

अल्फाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. निम्म्याहून जास्त अभ्यासांत स्वतःचा अल्फा असेल तर मी दुरुस्त केलेलं मुख्य धरते, कारण कच्चं कोरिलेशन प्रश्नावली किती ढिली आहे यावरही कमी-जास्त होतं. पण दोन्ही छापायचे यावर आमचं एकमत आहे, आणि परीक्षक विचारणारच आहेत.

---

घाटकोपर_फास्ट

लेखकांचं उत्तर आलं! ०.२०च होतं, छपाईत वजा पडलं होतं. दुरुस्त केलं, स्टेटस ० आलं. शास्त्रीबुवा, तो डिटरमिनंट मी वर्गात फळ्यावर करून दाखवला.

शेवटचा प्रश्न. कोड आणि मेट्रिक्स प्रबंधासोबत द्यायच्या का? सर म्हणतात गरज नाही.

---

आकडेशास्त्री

द्या. प्रत्येक अभ्यासाची मेट्रिक्स, सॅम्पल साइझ, कुठल्या तक्त्यातून घेतलं त्याचं पान, आणि पूर्ण कोड. लेखकांनी ईमेलने दुरुस्त केलेला आकडा वेगळ्या रंगात आणि तारखेसह. आर, ओपनएमएक्स आणि मेटाएसईएमच्या आवृत्त्या लिहा, सेशनइन्फो ही एक ओळ चालवलीत की सगळ्या एकदम मिळतात. मेट्रिक्सची फाईल प्रबंधासोबत शोधगंगेवर चढेल असं बघा, म्हणजे पुढच्या माणसाला एक्सेल पुन्हा पहिल्यापासून भरावं लागणार नाही.